कंपनी चालू आहे

आमच्या साडूंना खुर्चीला पाठ टेकून बसलेलं पाहिलंय, असं शपथेवर सांगणारा माणूस महाडपासून पोलादपूरपर्यंत सापडणार नाही. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हिच्या तोंडचं ‘भावोजी’ मीही उचललं, आणि आता आमच्या गल्लीतला वाणीसुद्धा त्यांना भावोजीच म्हणतो. राहायला पोलादपूर, नोकरी बिरवाडीच्या अंगाला एका रंग बनवणाऱ्या कारखान्यात, आणि मधे वाट वाकडी करून महाडला आमच्याकडे चहा. हा चहा ते उभ्यानं पितात. ‘बसायला वेळ नाय’ म्हणून मोटरसायकल फाटकाशी चालूच ठेवतात, आणि मग तासभर उभे राहतात. तेवढ्यात आमचं कॅलेंडर सरळ होतं, नळाचा वॉशर तपासला जातो, आणि मी वाचत असलेला पेपर माझ्याच हातातून जाऊन नीट घडी होऊन परत येतो. एकदा खेडला लग्नाला जाताना कशेडी घाटात दरड आली. मी शाळेत मराठी शिकवतो आणि बसण्याची मला मनापासून आवड आहे, त्यामुळे आयती विश्रांती मिळाली म्हणून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा भावोजी गळ्यात टॉवेल टाकून ट्रकवाल्यांना मागेपुढे करत होते आणि एक पोलीस त्यांना विचारून शिट्टी मारत होता. सगळ्यांच्या गाड्या त्यांनी आधी काढून दिल्या. आम्ही लग्नात पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती.

असा हा माणूस एका ओळीपायी अडकला. गेल्या वर्षी त्यांच्या घरी सत्यनारायण होता. मुंबईचे भाचेजावई मोबाइल चाळत बसले होते. कुणीही येऊन लिहावं असा जो विश्वकोश इंटरनेटवर असतो, त्यात भावोजींच्या कंपनीवर चार ओळी होत्या. जावई मोठ्यानं म्हणाले, “मामा, तुमची कंपनी तर बंद पडलीय. पुरानंतर कारखाना बंद झाला, असं लिहिलंय इथं.” झालं होतं असं, की पुराच्या वर्षी कारखान्यात पाणी शिरलं, काही महिने काम थांबलं आणि पेपरात फोटोसकट बातमी आली. पुढे कारखाना सुरू झाला, पण त्याची बातमी कोण देणार? ओट्यावरचा एक म्हातारा हसत म्हणाला, “मंग ह्यो रोज सकाळी जातो कुठं रं?” सगळे खो खो हसले आणि प्रसाद खाऊन विसरून गेले. भावोजींच्या हातातला द्रोण मात्र तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी मोटरसायकल धडधडत होती. “सर, माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरलेत. जन्म गेला त्या कंपनीत, आणि जगाला वाटतंय ती बंद हाय. आमच्या कंपनीतल्या पोरांना मुली देताना लोक आता मोबाइल बघतात. ती ओळ बदलून घ्यायची, मगच मी घरी बसणार.” त्या संध्याकाळपर्यंत त्यांनी मॅनेजरकडून ‘कंपनीचे अधिकृत प्रतिनिधी’ असं पत्रही आणलं होतं. भावोजी केबिनमधून बाहेर जाणार असतील तर मॅनेजरनं कशावरही सही केली असती.

पहिल्यांदा त्यांनी स्वतःच त्या लेखात लिहून टाकलं, ‘कंपनी चालू आहे. खोटं वाटल्यास येऊन पाहावे.’ चहा संपायच्या आत ते वाक्य उडालं. उडवणारा ‘रानवेडा’ अशा टोपणनावाचा कुणी स्वयंसेवक होता. त्यानं कळवलं, की कंपनीच्या माणसांनी लेखात हात घालायचा नसतो, चर्चेच्या पानावर विनंती करायची असते. विनंती म्हटल्यावर भावोजी खुलले. अर्ज, साहेब, टेबल हे त्यांचं रोजचं जग. “ह्यांचं ऑफिस कुठं हाय? साहेब भेटतो कधी?” मी म्हटलं, ऑफिस नाही, भेटत नाही. त्यांचा विश्वास बसेना. अर्ज मी टाइप केला. ते स्वयंपाकघर ते ओटी अशा येरझारा घालत मजकूर सांगत होते, त्यामुळे निम्मी वाक्यं मला फोडणीच्या आवाजात ऐकू आली. ‘मा. रानवेडा साहेब/बाईसाहेब, सविनय’ अशी सुरुवात त्यांनीच सांगितली. कोण असेल कुणी सांगावं?

उत्तर आलं, ‘आपला कंपनीशी काही संबंध आहे का?’

“संबंध? जन्माचा हाय. लिवा.”

मी तसंच लिहिलं. त्यावर रानवेडा म्हणाला, मग तर आपला शब्द धरता येत नाही, तटस्थ पुरावा हवा. भावोजी हे ऐकून येरझारा घालायचे थांबले. “ज्याला माहीत हाय त्यानं बोलायचं नाय, हा कुठला कायदा?” मला तो नियम बरोबर वाटला आणि मी तसं बोलून बसलो. पुढचा आठवडाभर त्यांनी चहा शेजाऱ्यांकडे घेतला, आणि तोही माझ्याकडे पाठ करून.

राग गेला तसे पुरावे सुरू झाले. गेटसमोर त्या दिवशीचा पेपर हातात धरलेला फोटो गेला. भोंग्याचा आवाज टेप करून गेला. शेवटी माझ्या विरोधाला न जुमानता आमंत्रण गेलं, ‘आपण समक्ष यावे. स्टँडवर घ्यायला येतो. कंपनी दाखवून पाचाडला जेवायला नेतो. मासे चालतात का ते कळवावे.’ माणसाला घरी बोलवून दाखवण्यापेक्षा मोठा पुरावा आमच्याकडे नाही. रानवेड्यानं आभार मानून लिहिलं, की मी डोळ्यांनी पाहिलं तरी ते धरता येणार नाही, छापील बातमी लागेल. खाली लिहिलं होतं, ‘मासे चालतात.’

भावोजी इथल्या साप्ताहिकाच्या संपादकाकडे गेले. तो म्हणाला, “चालू आहे ही काय बातमी झाली, भावोजी? काही घडलं तर सांगा. आगबिग लागली तर लगेच कळवा.”

“शुभ बोल रे नाऱ्या,” म्हणून भावोजी जिना उतरले. नंतर बरेच दिवस ते चहा झाला की लगेच निघत. मला ते बरं वाटलं नाही.

निवृत्तीचा दिवस आला. कंपनीच्या कँटीनमध्ये शाल-श्रीफळ झालं. सगळ्या गावाला भावोजी माहीत, म्हणून साप्ताहिकाचा वार्ताहर आपण होऊन आला. बातमी फोटोसकट छापून आली. फोटोत सगळे ताठ उभे आहेत, भावोजी तेवढे हलल्यामुळे पुसट आहेत. बातमीत शेवटी एक वाक्य होतं, ‘कंपनीत सध्या तिन्ही पाळ्यांत काम सुरू आहे.’ ते वाचून मी खुर्चीतून उठलो. हिनं विचारलं, “बरं वाटत नाही का?” मी चर्चेच्या पानावर बातमी टाकली आणि आधीच कबूल केलं, की मी त्यांचा साडू आहे. संध्याकाळपर्यंत ओळ बदलली होती. ‘हा कारखाना सध्या चालू आहे.’ त्यापुढे तळटिपेचा बारीक आकडा, आणि त्या आकड्याखाली पुरावा म्हणून भावोजींच्या निरोपाची बातमी.

मी एसटीनं पोलादपूर गाठलं. वाटलं, आता हे मला गावभर फिरवणार. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग खुर्ची ओढली, बसले आणि मागे टेकले.

“म्हणजे मी बाहेर पडलो, तेव्हा ती चालू हाय हे ठरलं.”

मला फार वाईट वाटलं, आणि मराठीचा मास्तर मी, ती ओळ उगाच पुन्हा वाचत राहिलो.

अजूनही ते महाडला काहीतरी काम काढून येतात. गाडी फाटकाशी बंद करतात, आत येऊन बसतात. आमचं कॅलेंडर कधीचं वाकडं झालंय. परवा न राहवून मी म्हटलं, “भावोजी, त्या विश्वकोशात पोलादपूरवर फारच थोडं लिहिलंय. विनंती करायची का?” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, उठतायत.

“नको, सर. तिथंबी माझा संबंध निघेल.”

एवढं बोलून त्यांनी बसल्या बसल्या चहा संपवला आणि कप खाली ठेवला. फाटकाशी काहीच आवाज नव्हता. मीच उगाच दोनदा उठून तिथवर जाऊन आलो.