अक्षरं जुळेपर्यंत

कचेरीत त्यांना सगळे काळीखिडकी म्हणत. त्यांच्या पडद्यावर कायम एक काळी चौकट उघडी असे, तिच्यात पांढरी अक्षरं. मी काका म्हणायचे. कचेरीतले सर्व्हर ते सांभाळत. सर्व्हर लिनक्स या संगणकप्रणालीवर चालत आणि सहसा कुरकुरत नसत, त्यामुळे काकांची आठवण कुणाला येत नसे.

माझा जुना संगणक रखडू लागला तेव्हा त्यांनी त्यावर लिनक्स घालून दिलं. पहिल्याच आठवड्यात प्रिंटर रुसला. मी धावत त्यांच्याकडे गेले.

"पडद्यावर काय लिहून आलं?"

"वाचलं नाही."

"साहित्य शिकलीस ना तू? तो बिचारा काय बिघडलं ते सांगतोय, आणि तू डोळे मिटून पळतेस."

तेव्हापासून आमची मैत्री जमली. रविवारी मी त्यांच्या घरी जाऊ लागले. ते एकटे राहत. पुढच्या खोलीत टेबलाखाली एक जुना संगणक अखंड चालू असे. काका चहा ठेवत आणि त्या संगणकाला विचारत, आत्ता आत कोण आहे? तो नावं दाखवी. बहुतेकदा एकच, काकांचं. कधीतरी त्याखाली दुसरं. त्या दिवशी चहा हमखास उतू जाई.

दुसरं नाव त्यांच्या मुलीचं. ती दूरच्या शहरात असते. आईच्या शेवटच्या आजारपणात बापलेकीची बोलाचाली झाली. कशावरून, ते मी विचारलं नाही. मग फोन थांबले. पण ती शाळेत असताना काकांनी तिला या संगणकावर खातं उघडून दिलं होतं, इंटरनेटवरून त्याच्या आत कसं यायचं तेही शिकवलं होतं. आईचे फोटो तिथेच होते. ती यायची, थोडा वेळ असायची, जायची.

"काका, तिच्या पडद्यावर एखादी ओळ पाठवता येत नाही?"

"येते की."

"मग?"

"दाराशी बुजरं मांजर आलं की आपण हलतो का?"

मग त्या संगणकाची डिस्क खरखरू लागली. काकांनी नवी बसवली, लिनक्स नव्याने घातलं, मुलीचं खातं, फोटो, सगळं जसंच्या तसं आणून ठेवलं. जुनी डिस्क त्यांच्या शिस्तीप्रमाणे पुसून भंगारात दिली. एकच गोष्ट आणायची राहिली. बाहेरच्यांना आत घेणाऱ्या अशा प्रत्येक संगणकाची स्वतःची एक किल्ली असते, अक्षरा-आकड्यांची लांब ओळ. येणारा तिच्यावरून त्याला ओळखतो. ती बदलली की येणाऱ्याला ताकीद मिळते, हा कुणी तोतया असू शकतो, आत जाऊ नकोस.

पुढच्या रविवारी ते संगणकातल्या आल्यागेल्याच्या नोंदींकडे बघत बसले होते. चहा ठेवलाच नव्हता.

"आली होती. दारापर्यंत. मागे फिरली."

"ताकीद बघून?"

"ताकीद आली की वाद घालायचा नाही, मागे फिरायचं. मीच शिकवलंय."

"मग तिला मेसेज करा, की मीच आहे."

"तोतयाही तेच लिहील." त्यांनी पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं. "नव्या किल्लीची अक्षरं वाचून दाखवायची असतात. तिच्या पडद्यावरच्या अक्षरांशी ती जुळवून बघेल. ओळखीच्या आवाजात."

म्हणजे फोन. त्यांनी चष्मा पुसला. परत पुसला. मी उठून शेगडीपाशी गेले आणि चहा ठेवला.

"मी बोलतोय," हे मला ऐकू आलं. मग, "अगं, डिस्क बदलली. किल्ली आणायची राहिली. चूक माझीच. अक्षरं वाचतो, तू बघ."

फोनचा आवाज मोठा होता. ती "हं" म्हणाली, तेही मी ऐकलं.

काका वाचू लागले. मोठा के. लहान एम. सात. तिरपी रेघ. लहान क्यू. प्रत्येक अक्षरानंतर थांबत होते. पलीकडून "हं" आलं की पुढचं. मी कविता शिकले आहे. असं वाचन कधी ऐकलं नव्हतं.

"बाबा, हे अक्षर तुम्ही दोनदा वाचलंत."

"खात्री केलेली बरी."

"हं."

ओळ संपली. मी गॅस बंद केला.

"जुळलं सगळं," ती म्हणाली. "ठेवू?"

काका पडद्याकडे बघत राहिले.

"शेवटची काही अक्षरं पुन्हा वाचू का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"पहिल्यापासून वाचा," ती म्हणाली.