बटन चालू होते

निवृत्तीनंतर मला शाळा-कॉलेजांत अनुभव सांगायला बोलावतात. मी दोन दरोड्यांचे आणि एका अपहरणाचे तपास सांगतो. वर्ध्यातली ही केस मात्र आठवत असूनही आजवर टाळली. तिच्यात आरोपीपेक्षा माझं वागणं जास्त तपासण्यासारखं आहे.

तेव्हा मी ठाणेदार होतो. नालवाडीजवळ सकाळी एका मोटारीची सायकलला धडक बसली. सायकलवरचे वृद्ध गृहस्थ तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारले. मोटार एका व्यापाऱ्याच्या मुलाची होती, पण चालवत होता बोरगाव मेघेचा गॅरेजवाला. दुरुस्तीनंतर ट्रायल घ्यायला निघालो होतो, सायकल अचानक आडवी आली, असं तो म्हणाला. असं सगळेच म्हणतात.

अपघाताच्याच दुपारी ठाण्यात फोन आला होता. नाव न सांगता एक माणूस बोलला, "साहेब, त्या गाडीत रेसचं बटन लावलेलं आहे. स्टेअरिंगखाली पाहा." नाव न सांगणाऱ्याला स्वतःचा काही हिशेब चुकता करायचा असतो, हे मला नोकरीने शिकवलं होतं. तरी मी त्या फोनवर विश्वास ठेवला, कारण तो माझ्या मनातलंच बोलत होता.

पंच बोलावून गाडी पाहिली. बटन खरंच होतं. टर्बोच्या गाडीत जास्त जोर यावा म्हणून इंजिनात हवा दाबून भरतात. ती किती दाबायची हे ठरवणारा इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर गॅरेजवाल्याने बसवला होता, आणि त्याची वायर बाहेर काढून हे वेगळं बटन जोडलं होतं. बटन खाली दाबलेलं होतं. जमादाराने किल्ली फिरवताच त्यावर लाल दिवा लागला. पंचनाम्यात मी लिहून घेतलं, 'जादा वेगाचे बटन चालू स्थितीत मिळून आले.' 'जादा वेगाचे' हे शब्द माझे. बटनावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

चौकशीत गॅरेजवाला घाबरलेला नव्हता, आणि तेच मला खटकलं. गुन्हा न केलेला माणूस ठाण्यात थोडा तरी घाबरतो, असा माझा समज होता.

"साहेब, चालू म्हणजे कमी हाये," तो म्हणाला. "बटन दाबलं का प्रेशर खाली येते. मालकाच्या बाबाले पोराच्या हाती गाडी द्यायची भीती वाटे. लाल दिवा दिसला म्हणजे गाडी बांधलेली हाये, असं त्याईले कळावं म्हणून तसं जोडलं."

"बटन बंद केलं की वाढतं आणि चालू केलं की कमी होतं? मला शिकवतोस?"

"मी काऊन शिकवू जी? गाडी चालवा, काटा पाहा. पाच मिनिटाचं काम हाये."

मी ती पाच मिनिटं दिली नाहीत. संशयिताच्या सांगण्यावरून तपास करायचा नसतो, असं मी जमादाराला ऐकवलं. व्यापाऱ्याकडे विचारलं, तर मुलगा म्हणाला, बटनाचं आम्हाला काही माहीत नाही. तो खोटं बोलतोय हे मला दिसत होतं. पण त्याचं खोटं माझ्या सोयीचं होतं.

अपघाताच्या जागेसमोरच्या चहावाल्याचा जबाब घेतला. गाडी हळूच होती, असं तो आधी म्हणाला. मी प्रश्न फिरवला, आवाज मोठा होता का? तो हो म्हणाला. जबाबात 'भरधाव' हा शब्द आला. दोषारोपपत्र वेळेत गेलं आणि वरून शाबासकीही मिळाली.

पुढे कोर्टाच्या आदेशाने गाडी मालकाला परत द्यायची होती. पुढचे दिवे फुटले होते, पण ती चालत होती. ठाण्याच्या आवारातून काढून आमचा हवालदार ती चालवत होता, मी शेजारी बसलो. नागपूर रस्त्यावर मी बटन बंद केलं. डॅशबोर्डवरच्या दाबाचा काटा झपकन वर चढला आणि पाठ सीटला टेकली. चालू केलं, तर लाल दिवा लागला आणि काटा खाली आला. तीन वेळा करून पाहिलं.

हवालदार म्हणाला, "साहेब, हे तर तो म्हणे तसंच हाये."

मी म्हणालो, "समोर पाहून चालव."

कोर्टात पुरवणी अहवाल देता आला असता. मी दिला नाही. साक्षीच्या वेळी बचावाच्या वकिलाने विचारलं, बटन कोणत्या स्थितीत होतं? मी पंचनामा वाचून सांगितलं, चालू. आरोपीच्या पिंजऱ्यातून तो माझ्याकडे पाहत होता. मी कागदावरची नजर वर केली नाही.

कित्येक वर्षं तारखा पडल्या. शेवटी संशयाचा फायदा देऊन तो सुटला. निर्दोष म्हणून नव्हे, संशयाचा फायदा देऊन. तोवर गॅरेज गेलं होतं. माणूस मारणाऱ्याकडे गाडी कोण टाकणार?

तो अल्लीपूरला फवारणीचे पंप दुरुस्त करतो, असं कळल्यावर निवृत्तीनंतर मी गेलो. बोलायचं वाक्य वाटेत घोकत होतो. त्याने मला लगेच ओळखलं, पण स्टूल पुढे करून फक्त विचारलं, "काय काम काढलं साहेब?" आणि माझ्या तोंडून निघालं, गाडीला धुक्याचे दिवे बसवायचे आहेत.

त्याने तासाभरात दिवे बसवले, बटन जोडलं आणि मला दाबायला लावलं.

"पाहा जी. चालू केलं का लागते, बंद केलं का विझते. तुमच्यासाठी सरळच जोडलं."

मी बरं म्हणालो, मजुरी दिली आणि निघालो. पुढच्या वेळी गेलो तेव्हा दुकानाला कुलूप होतं. शेजाऱ्याने सांगितलं, तो गेल्या महिन्यात वारला.

तपासाने मला माणसांवर संशय घ्यायला शिकवलं. स्वतःवर घ्यायला या केसने शिकवलं, पण मी ते फार उशिरा शिकलो. घोकलेलं वाक्य अजून पाठ आहे. तू खरं बोलत होतास, आणि ते मला साक्षीच्या आधीपासून माहीत होतं. मला माफ कर.