पन्नास नंबरचं तेल

गजभिये मिस्त्रींकडे गाडी नेली की ते आधी गाडीकडे बघायचेच नाहीत, गाडीवाल्याकडे बघायचे. मी पहिल्यांदा गेले तो एप्रिल महिना होता. डोक्यावर ऊन रणरणत होतं, दवाखान्यात दोन बाळंतिणी वाट बघत होत्या, आणि हा माणूस कडुनिंबाखाली स्टुलावर बसून मला विचारत होता, "सकाळी किती वाजता काढता जी गाडी? खेड्यांवर जाता का शहरातच? चढावर गेर बदलता का तशीच रेटता?" मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "मिस्त्री, मला नुसतं तेल बदलायचंय. सोयरीक जमवायची नाहीये."

"सोयरीकच हाय न बाई," ते जराही न हसता म्हणाले. "इंजनाची अन् तेलाची. आंधी मानूस पाहा, मंग गाडी, मंग तेल. लोक उलटं करतेत."

मग ते उठले, तेल मोजायची सळई बाहेर काढली, तिच्या टोकाचा थेंब अंगठ्यावर घेतला आणि डोळे मिटून बोटावर बोट घासत उभे राहिले. मी नाडी बघते तेव्हा माझा चेहराही असाच होत असणार. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पतलं पडलं. ह्या उन्हात हे पान्यावानी पळते. चाळीस टाकू."

त्या वेळी माझा नागपूरच्या धंतोलीत प्रसूतीचा छोटा दवाखाना होता आणि वडिलांची जुनी काळी लँडमास्टर गाडी माझ्याकडे आली होती. बाई गाडी चालवते म्हणून लोक वळून बघायचे ते दिवस. मिस्त्रींचं गॅरेज जरीपटक्याच्या रस्त्याला, टिनाचं छप्पर आणि पुढे तो कडुनिंब. आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ते मिसरूड फुटायच्या वयाचे होते, बापाबरोबर पांढरे कपडे घालून गेले होते. शेजारच्या गॅरेजवाले गाडीला लिंबू-मिरची बांधून द्यायचे. कुणी मिस्त्रींकडे मागितली तर म्हणायचे, "लिंबानं गाडी चालत नाई गा. तेलानं चालते."

आता एकच तेल बारा महिने चालतं. तेव्हा आमच्याकडे तसं मिळत नसे. नंबर जितका मोठा, तितकं तेल दाट. आमच्या नागपुरात उन्हाळा असा की डांबर चपलेला चिकटावं, आणि डिसेंबरात पहाटे बोटं वाकत नाहीत. त्यामुळे तेल वर्षातून दोनदा बदलावं लागे. मिस्त्रींचं कॅलेंडर ठरलेलं होतं. चौदा एप्रिलच्या जयंतीआधी चाळीस, दसऱ्याचा दीक्षेचा सोहळा आटोपला की तीस. पन्नासचा एक डबा मागच्या फळीवर असायचा, तो म्हाताऱ्या ट्रकांसाठी. मी एकदा विचारलं, की इतकं दाट तेल घातल्यावर इंजिन किती गप्प चालतं, मग सगळ्यांनाच का नाही घालत? त्यांनी दिलेलं उत्तर मी पुढे माझ्या नर्सांनाही सांगत असे.

"बिमार मानसावर जाड रजई टाकली का खोकला आयकू येत नाई, बाई. खोकला जात नाई."

हा माणूस गाडी विकणाऱ्यांच्या डोळ्यांत सलायचा. खिळखिळं झालेलं इंजिन खडखडत असलं की त्यात पन्नास ओतायचं, आवाज बसतो, आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात गाडी मारायची, ही रीत तेव्हा सर्रास होती. मिस्त्री त्याला हात लावत नसत. म्हणायचे, "दर पौर्णिमेले विहारात पंचशील म्हनतो. चौथं शील, खोटं बोलनार नाई. मंग इंजनाले कसं खोटं बोलाले लावू?" मला हे ऐकून हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

त्यांची मुलगी सुलोचना पहिल्या बाळंतपणात माझ्याकडे आली. पोर आडवं होतं, रक्त फार गेलं. दीड दिवस मी तिच्या उशापासून हलले नाही. दोघं जगली. मिस्त्री हात जोडून उभे राहिले, म्हणाले, "तुमची गाडी आता माही हाय." मी म्हटलं, "अहो, माझं कामच आहे ते." पण ते वाक्य मी मनात जपून ठेवलं होतं. कशासाठी, ते पुढे कळलं.

दोन-तीन वर्षांनी मी नोंदवलेल्या नव्या गाडीचा नंबर लागला, जुनी विकायला काढली, आणि नेमकी तेव्हाच लँडमास्टरच्या पोटातून ठकठक यायला लागली. मिस्त्रींनी ऐकून सांगितलं, "खालची बेरिंग गेली. इंजन खोला लागते. सामान कलकत्त्याहून येईन, तीन हप्ते धरा." मला तीन दिवस नव्हते. रविवारी भोयर मास्तर गाडी बघायला यायचे होते. मास्तर उमरेडच्या अलीकडच्या एका खेड्यात शाळेवर. त्यांची लेक शालू माझीच पेशंट. तिचं पहिलं मूल बैलगाडीत, वाटेतच गेलं होतं. आता पुन्हा दिवस होते, डिसेंबरअखेरची तारीख मीच काढून दिली होती. पोरीला वेळेवर दवाखान्यात आणता यावं, एवढ्याचसाठी त्या भल्या माणसाला गाडी हवी होती.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी मिस्त्रींना म्हटलं, "पन्नास घाला. आवाज बंद करा."

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "बाई, तुमी बोलून राहिल्या हे?"

"गाडी अजून वर्षभर सहज चालेल. उगाच गिऱ्हाईक बिथरेल."

"उन्हाळाभर चालन. थंडीत नाई चालनार. गाढं तेल थंडीत वर चढाले वेळ घेते. तेवढा वेळ लोखंडावर लोखंड फिरते. पह्यलेच बेरिंग गेलेली."

मी चिडले. खरं सांगायचं तर मला माझीच लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी चिडते. म्हटलं, "मिस्त्री, सुलोचनाच्या वेळी मी तुम्हाला इतकं विचारत बसले होते का?"

असं बोलायला नको होतं. जीभ चावली तरी गेलेला शब्द परत येत नाही. मिस्त्रींनी आत जाऊन फळीवरून तो डबा उतरवला आणि तेल ओतलं. ठकठक विरून गेली. फडक्याला हात पुसत म्हणाले, "एक करा. मास्तरले सांगा, दिवाळीच्या आंधी गाडी माह्याकडे आना म्हना. बेरिंग बदलतो, तीस टाकतो. एवढं सांगा बाई. सांगसान न?"

मी हो म्हटलं.

रविवारी मास्तर आले, गाडी पसंत करून पैसे मोजले. बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि गाडीला नमस्कार करताना त्यांचे डोळे भरून आले. मी सांगणार होते. पण सांगायचं म्हणजे आवाज लपवलाय हेही सांगणं आलं. म्हटलं, पोस्टकार्ड टाकू. पोस्टकार्ड आणलंही. मग नवी गाडी आली, दसरा गेला, दिवाळी गेली, आणि ते कार्ड टेबलाच्या खणात कोरंच राहिलं.

डिसेंबर सरता सरता थंडीची लाट आली. एके दिवशी सकाळी नऊच्या सुमारास दवाखान्यापुढे विटांचा ट्रक थांबला. मास्तर अनवाणी उतरले. शालू मागे पोत्यांवर पडलेली होती. मी तिला टेबलावर घेतलं, पोटावर नळी लावली, आणि काय ते समजले. उशिरा येणाऱ्या प्रत्येकावर मी ओरडते तशी ओरडले, "मास्तर, इतका उशीर? दोन तास आधी आणली असती तर पोर हाती लागलं असतं."

मास्तर म्हणाले, "पहाटेच निंघालो होतो बाई. पाचगावच्या पुढे गाडी जाम झाली. अडीच तास रस्त्यावर होतो, कोनी थांबेना."

माझे हात त्यानंतर आपोआप काम करत राहिले. शालू वाचली. मुलगा होता, पूर्ण वाढलेला, डोक्यावर दाट जावळ.

तिसऱ्या दिवशी मी जरीपटक्याला गेले. गाडी ओढून तिथेच आणली होती. मीच मास्तरांना पूर्वी सांगून ठेवलं होतं, की काही झालं तर गजभियेंकडे न्या. इंजिन खोलून पडलं होतं. मिस्त्रींनी वितळून काळा पडलेला बेरिंगचा तुकडा तळहातावर घेतला होता. मला बघून त्यांनी एवढंच विचारलं, "सांगतलं होतं न बाई, मास्तरले?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात मास्तर आले. मी बोलायला तोंड उघडणार, तोच मिस्त्री पुढे झाले. "मास्तर, गुन्हा माहा हाय. इंजनात आवाज होता. म्या गाढं तेल टाकून दाबला. बाईले काईच मालूम नव्हतं."

मास्तर तिथल्या एका टायरवर बसले. म्हणाले, "माह्या लेकीची शपथ घेऊन सांगा, बाईले मालूम नव्हतं?"

"शपथ घेतो. नव्हतं मालूम."

आणि मी, जगाला फाडफाड बोलणारी, गप्प उभी राहिले.

मास्तर गेल्यावर मी रडायला लागले. मिस्त्री माझ्याकडे न बघता हत्यारं पुसत होते. म्हणाले, "माहं नाव गेलं तं गाड्या दुसरीकडे जातीन. तुमचं नाव गेलं तं तिकडच्या बाया दवाखान्यात याले भेतीन, घरीच मरतीन. म्या हिसोब नाई केला बाई, सुलोचना आठवली." मग फडकं खाली ठेवत, "पन मले पुन्हा असं काम सांगू नका."

त्यांनी मास्तरांची गाडी नवीकोरी असल्यासारखी बांधून दिली. पन्नासचा डबा मात्र फेकला, आणि ज्या म्हाताऱ्या ट्रकांना तो खरंच लागायचा त्यांनाही परत कधी घातला नाही. ट्रकवाले तुटले. "इंजनाचा आवाज दाबून देते" अशी बोलवा पसरली, टॅक्सीवालेही कमी झाले. ज्या माणसानं जन्मात असं केलं नव्हतं, त्याला लोक त्याच नावानं ओळखू लागले. माझ्याकडे उमरेडकडच्या बायका येत राहिल्या. शालूही आली, तिला मुलगी झाली. मास्तरांनी पेढे आणून दिले आणि माझ्या पायाला हात लावला. ते पेढे मी नर्सांना वाटून टाकले.

मी मिस्त्रींकडे जात राहिले, कारण न जाणं अधिक अवघड होतं. ते पूर्वीसारखेच थेंब अंगठ्यावर घेऊन डोळे मिटायचे, पण प्रश्न विचारणं त्यांनी सोडलं होतं. पुढे थंडी-उन्हाळा दोन्हीला चालणारं तेल बाजारात आलं. मी मोठ्या उत्साहानं एक डबा घेऊन गेले. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "चांगलं हाय," म्हणाले. "पन मानसानं आंधी सांगाले पायजे, काय दुखते ते." आम्ही त्या गोष्टीबद्दल बोललो असू ते एवढंच.

मिस्त्री गेले ते छातीच्या दुखण्यानं, पंधरा दिवसांत. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या मागच्या विधीच्या दिवशी मी गॅरेजमागच्या घरी गेले. भन्तेजी पंचशील देत होते, लोक मागून म्हणत होते. सुलोचना माझ्या शेजारी बसली होती. चौथं शील आलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, बाबा हे म्हनत नव्हते. तीन म्हनत, चवथ्याले तोंड बंद, मंग पाचवं म्हनत. किती वर्षं झाली. आई विचारे, काहून सोडता? तं म्हनत, जे पाळून नाई राहिलो ते बुद्धापुढे कसं म्हनू." मला बसवेना. मी उठून बाहेर आले.

कडुनिंबाखाली ती काळी लँडमास्टर उभी होती. भोयर मास्तर, आता पार पांढरे झालेले, तिला टेकून उभे होते. मी त्यांच्यापुढे गेले आणि सगळं सांगून टाकलं. आवाज मला माहीत होता, तेल मी घालायला लावलं, निरोप मी दिला नाही, मिस्त्री माझ्यासाठी खोटं बोलले. कुठेही न थांबता बोलले, अकरा वर्षं साचलेलं. शिव्या द्या, पोलिसात जा, काहीही करा, असंही म्हटलं.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "बाई," ते म्हणाले, "त्या मानसानं माह्या लेकीची शपथ घेतली होती. आता त्याची माती झाली. मी त्याले खोटा कसा म्हनू?"

"पण ते खरंच खोटं बोलले..."

"नोका बोलू," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमाले हलकं होयाचं हाय, थे मले समजते. पन थे ओझं त्यानं उचललं होतं, त्याच्या दारात तुमी माह्या अंगावर नोका टाकू."

ते गाडीत बसले. सेल्फ मारला. मी कान देऊन ऐकत होते. पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं, आणि त्यात कसलाही आवाज नव्हता.