दोन भाते आणि आठ थांबे

मिस्त्रींना काहीही विचारलं की ते उजव्या हाताची तर्जनी वर करत आणि म्हणत, "येतंय." मग आपण थांबायचं. किती वाजले विचारलं तरी येतंय, चहा घेणार का विचारलं तरी येतंय. थोड्या वेळाने उत्तर येई आणि ते बरोबर असे. विनोदाचंही तेच. गॅरेजात कोणी काही बोललं, सगळे हसून पुन्हा कामाला लागले, की बॉनेटखालून मिस्त्रींचं हसू येई. नवा माणूस दचकून मागे बघायचा.

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल. आपण त्याला मंद म्हणून मोकळे होतो. मीही झालो होतो. लालबागच्या त्या गॅरेजात मी कारकून होतो. विलायतेला पत्रं लिहायची आणि इंग्रजी पुस्तकांत काय म्हटलंय ते मिस्त्रींना मराठीत सांगायचं, हे माझं काम. दोनेक महिन्यांनी कळलं की त्यांचं डोकं आम्हा सगळ्यांच्या पुढे असायचं, मागे राहायचा तो दम. गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात वीस वर्षं काढल्यावर छातीत जेवढा उरतो, तेवढ्या दमावर ते चालत, बोलत आणि हसत. एका वेळी एकच.

त्यामुळे अंतर मोजायची त्यांची रीत निराळी होती. त्यांची घोडपदेवची चाळ ते गॅरेज चार थांबे, म्हणजे दम घ्यायला चारदा थांबायचं. गॅरेज ते समोरचं इराण्याचं हॉटेल, अर्धा. अर्धा कसा, असं मी एकदा विचारलं. "येतंय," म्हणाले, आणि मग, "मध्ये ट्रॅम जाऊ द्यावी लागते ना. त्यात होऊन जातो."

एक दिवस वाळकेश्वरचे एक शेठ आपली गाडी घेऊन आले. दोन दारांची, आठ सिलिंडरची, अमेरिकन. उपनगरातल्या एका जुन्या धावपट्टीवर हौशी लोकांच्या गाड्यांच्या शर्यती होत. त्यांतली एक शेठना जिंकायची होती. गाडी होती त्याहून जोरात पळायला हवी होती.

इंजिनात जास्त हवा कोंबली की ते जास्त जोर करतं, एवढं साधं तत्त्व. प्रश्न एवढाच की कोंबायची कोणी. त्याला दोन यंत्रं होती. एक सुपरचार्जर. तो इंजिनावरच पट्टा चढवून फिरवायचा. पाय दाबला की हवा हजर, पण फिरवायचा जोर इंजिनाच्याच अंगातून जाणार. दुसरा टर्बोचार्जर. तो सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो, इंजिनावर त्याचा फारसा भार नाही. पण धुराचा रेटा वाढेपर्यंत नुसता बसून राहतो. हे मी विलायती मासिकातून वाचून सांगितलं. मिस्त्रींनी दोघांची नावं ठेवली, पट्ट्याचा भाता आणि धुराचा भाता.

शेठनी पट्ट्याचा भाता मागवलाही होता. खोका गॅरेजात येऊन पडला होता. मिस्त्रींनी तो उघडला, भाता हाताने फिरवून पाहिला आणि झाकण लावलं. मग दारूखान्यात, जिथे जुनी जहाजं तोडतात तिथे, चार दिवस हिंडून एका लाँचच्या इंजिनाचे दोन धुराचे भाते घेऊन आले. इंजिनाच्या दोन बाजूंना दोन.

"मिस्त्री, हे भंगार माझ्या गाडीला लावणार?" शेठनी विचारलं.

"येतंय."

शेठ थांबले. वाळकेश्वरला त्यांना कोणी थांबवत नसावं.

"शेठ, पट्ट्याचा भाता इंजिनाच्याच ताटात जेवतो. हा उष्ट्यावर जगतो."

"पण त्याला उशीर लागतो म्हणतात."

"लागतो." पुन्हा तर्जनी. "पण मग जे येतं ते बघा तुम्ही."

गॅरेजच्या मालकांनी मिस्त्रींना बाजूला घेतलं. गाडी हरली तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका, म्हणाले. ते शब्दाचे पक्के होते. मिस्त्रींची पन्नाशी उलटलेली, छाती ही अशी. गिरणी त्यांना परत घेणार नव्हती आणि दुसऱ्या गॅरेजवाल्याला "येतंय" ऐकून घ्यायला वेळ नसता. मी त्यांना म्हटलं, "मिस्त्री, कशाला हट्ट? खोक्यातला लावा. हरलो तर विलायतेवर ढकलता येईल."

बराच वेळ तर्जनी वरच होती.

"भाऊसाहेब, उशिरा येणाऱ्याला कोणी विचारत नाही. एकदा विचारून तर बघू."



भाते बसवायच्या आधी आम्ही दोघं धावपट्टी पाहायला गेलो. मिस्त्री ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मी बरोबर चाललो, ते थांबले की थांबलो, आणि तेवढ्यात शेंगदाण्याच्या दोन पुड्या संपवल्या. परत आल्यावर शेठनी विचारलं, "पट्टी केवढी आहे?"

"आठ थांबे," मिस्त्री म्हणाले. "पुष्कळ लांब. धुराला जागा आहे."

मी ते कामाच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं. अंतर, आठ थांबे. मी शिकलेला माणूस, शेजारी चाललेला, पण मला काही खटकलं नाही. शेठनाही नाही. त्यांना वाटलं, थांबा हे एखादं कारखान्यातलं माप असेल.

शर्यतीच्या दिवशी निशाण पडलं आणि बाकीच्या गाड्या सुटल्या. शेठची गाडीही निघाली, पण देवळात निघाल्यासारखी. लोक हसले. कडेला मिस्त्री तर्जनी वर करून उभे होते. "येतंय," ते म्हणाले. कोणाला, ते कळलं नाही. आणि मग ते आलं. गाडीने अशी काही उसळी घेतली की हसणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली. तोवर पहिल्या दोन गाड्या पलीकडे पोचून त्यांचे मालक टोप्या काढत होते. शेठची गाडी तिसरी आली, त्या दोघांच्या मधून गेली आणि पट्टी संपल्यावर एका भेंडीच्या वाफ्यात जाऊन थांबली. एवढा वेग त्या दिवशी कुठल्याच गाडीला नव्हता. त्याला बक्षीस नव्हतं.

"पट्टी आखूड निघाली, मिस्त्री," मी म्हणालो.

"नाही भाऊसाहेब. मी लांब मोजली."

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. पुढच्या मोसमात शेठनी खोक्यातला भाता बसवून घेतला आणि शर्यत जिंकली, हेही सांगायला हवं.

मिस्त्री मग चाळीतच स्टोव्ह आणि शिवणयंत्रं दुरुस्त करू लागले. मी अधूनमधून जायचो. मला त्यांचा फार लळा लागला होता, आणि गप्प बसायची इच्छा झाली की जाण्यासारखं दुसरं घर नव्हतं. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. लालबाग-परळहून मोर्चे निघत आणि मिस्त्री प्रत्येक मोर्चात असत. पुढून "संयुक्त महाराष्ट्र" आलं की सगळे "झालाच पाहिजे" म्हणत. मिस्त्रींची तर्जनी वर जायची, ओठ हलायचे, तेवढ्यात पुढची घोषणा यायची. चालायचं की ओरडायचं, यातलं एकच जमणार होतं. ते चालले. इतक्या मोर्चांत त्यांनी एकही घोषणा दिली नाही.

राज्य झालं. शिवाजी पार्कवर माणूस मावत नव्हता. त्यानंतर चौथ्या दिवशी मिस्त्रींनी मला बोलावून घेतलं. दादरला न्या, म्हणाले. निघताना त्यांच्या बायकोने मला दारातच बजावलं, "तेंका घाई करू नका हां."

बसने गेलो. दुपारची वेळ, मैदान रिकामं, मांडवाचे बांबू सोडणारी चार माणसं. मिस्त्री मधोमध जाऊन उभे राहिले. मैदान सगळीकडून न्याहाळलं. तर्जनी वर केली आणि दम साठवत राहिले. मी घाई केली नाही.

"झालाच पाहिजे!"

एवढा आवाज त्या छातीत होता हे मला माहीत नव्हतं. बांबूवाले वळून बघू लागले. त्यातला एक हसून म्हणाला, "काका, झाला की!"

मिस्त्रींनी पुन्हा तर्जनी वर केली. "ठाऊक आहे," काही वेळाने ते म्हणाले. "माझं राहिलं होतं."

त्याच वर्षीच्या थंडीत ते गेले. चाळीपासून स्मशान त्यांच्या मोजणीने सहा थांबे तरी असेल. खांदेकरी तरणे होते, झपाझप चालले. रीत म्हणून वाटेत एकदा तिरडी विसाव्याला खाली ठेवली, खांदे बदलले आणि लगेच उचलायला वाकले.

"थांबा," मी म्हणालो.

"काय झालं?" कोणीतरी विचारलं.

मी तर्जनी वर केली. रडू यायला थोडा वेळ लागला, तेवढा वेळ सगळे थांबले.