वहिनीच्या बाटल्या

माझी वहिनी कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते आणि दादा त्याच कारखान्यात बॉयलर चालवतो. म्हणजे दादा जे उकळतो, त्यात खोट काढायचा पगार वहिनीला मिळतो. घरीही फारसं वेगळं नाही, फक्त तिथे पगार नसतो.

बॉयलर आतून गंजू नये म्हणून पाण्यात फॉस्फेट घालतात. ते बॉयलरमध्ये हवं, वाफेत मात्र नको. वाफ थंड करून जमलेलं पाणी वहिनी बाटलीत घेते, त्यात रसायन घालते आणि वाट बघते. पाणी तसंच राहिलं तर ठीक. निळसर झाक आली, तर चालवणाऱ्याच्या हलगर्जीपणाने बॉयलरमधलं पाणी वाफेबरोबर उडालं, असा अर्थ.

दादाला बॉयलर विभागाचा हेड करायचं घाटत होतं. त्या जागेवर त्याचा कधीपासून डोळा होता. आणि नेमकी तेव्हाच झाक आली. वहिनीने तपासणी पुन्हा केली, आणि तडक साहेबांना जाऊन सांगितलं.

माझं तर डोकंच फिरलं. "अगं, दादाची निवड होईपर्यंत तरी कळ काढायचीस," मी म्हणाले.

"आज गप्प बसले, तर उद्या मी 'पाणी चांगलं आहे' म्हटलेलं कोण खरं मानेल?"

दादा चिडला नाही. "पाणी उडालेलं नाही," एवढंच म्हणाला आणि अर्ध्या जेवणावरून उठला. वहिनीचं तोंड उतरलं. तिचा त्याच्यावर विश्वास होता, आणि तपासणीवरही.

सकाळी जाऊन तिने तसल्याच एका बाटलीत प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी भरलं आणि तपासलं. त्यात फॉस्फेट असायचं कारणच नव्हतं. तेही निळं झालं. मग तिने शेजारची रिकामी बाटली नाकाशी धरली. लिंबाचा मंद वास आला. ती बाटल्या आम्लाने आणि शुद्ध पाण्यानेच विसळते, साबण जवळही येऊ देत नाही, कारण साबणातही फॉस्फेट असू शकतं.

ती बॉयलरपाशी गेली. "माझ्या बाटल्यांना कोणी हात लावला?"

दादा बुटांकडे बघत राहिला. "तुझं मनगट दुखत होतं ना. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत घासून ठेवू. कँटीनचा साबण घेतला. चांगल्या रगडून घासल्या."

वहिनीने हेही साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. "नवऱ्याला वाचवते असं वाटेल, म्हणून नमुना तुम्हीच घ्या," म्हणाली. साहेबांनी स्वतः कोऱ्या बाटलीत पाणी धरलं आणि तपासणी होईपर्यंत तिथेच उभे राहिले. पाणी निळं झालं नाही. महिनाअखेरीस दादा हेड झाला.

पण साहेबांनी पाणी तपासलं त्या दिवशी घरी आल्यावर तो बोलणी खायच्या तयारीनेच बसला होता. मीही त्याची बाजू घ्यायला पदर खोचून उभी होते. वहिनी त्याच्याशेजारी बसली आणि दुखरा हात त्याच्या मांडीवर ठेवला.

"दाबून द्या," ती म्हणाली. "आणि यापुढे काय माया करायची ती घरी करा."