परतीची तार

धाकटीला राग आला तरी ती तो लगेच खर्च करायची नाही. मशीनमागच्या भिंतीवर दोऱ्याची रिळं जशी रंगवार टांगलेली, तसे तिच्या डोक्यात लोकांचे शब्द टांगलेले असायचे. कोण बोललं, कोणासमोर, कोणत्या सुरात. वेळ आली की नेमकं हवं ते रीळ हाताला लागायचं.

घरातली धाकटी सून म्हणून सगळे तिला धाकटी म्हणायचे. केसांत पांढरं आलं तरी नाव काही बदललं नाही. घर जुनं, दुमजली. वर थोरले दीर आणि जाऊबाई, खाली धाकटी आणि तिचा नवरा. नवरा भला माणूस. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्याचं मत एकच असायचं, जाऊ दे. नळ गळतोय, जाऊ दे. शेजाऱ्याने दारात गाडी लावली, जाऊ दे. त्या घरात भांडी, कपाटं, गच्ची, सगळं 'आपलं' होतं. पुढच्या खोलीतली भरतकामाची मशीन तेवढी तिची एकटीची. पडद्यावर नक्षी निवडली की सुई आपली आपण टकटकत सुटायची. शाळांचे बिल्ले, दवाखान्याच्या कोटांवरची नावं, टोप्यांवरची चिन्हं, सगळं त्या खोलीतून बाहेर पडायचं.

आणि वीज होती भाऊजींची. म्हणजे यायची ती रस्त्यावरच्या खांबावरूनच, पण उंबरठ्याच्या आत आली की भाऊजींची. लोक खिशाला पेन लावतात, ते टेस्टर लावायचे. चिकटपट्टीचं रीळ मनगटात कड्यासारखं. भिंतींवरच्या लाकडी पट्ट्यांतून कापडी वेष्टणाच्या तारा फिरत होत्या. काळं गोल बटण दाबलं की कधी दिवा लागायचा, कधी नुसतं बोट झिणझिणायचं. वायरमनला बोलवू या असं कोणी म्हणालं की भाऊजी आधी नाक ओढायचे, मग टेस्टर काढायचे आणि मग म्हणायचे, "मी आहे ना." त्याला जोडून शास्त्र असायचं. करंट म्हणजे काय, पाणीच की. वाट मिळेल तिकडे वाहणार. एवढं सांगून झालं की ते जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत डोकं घालायचे, आतल्या सांध्यावर पट्टीचा आणखी एक वेढा मारायचे आणि पेटीला कुलूप घालून किल्ली खिशात टाकायचे.

एका सकाळी भाऊजी वर आंघोळीला गेले, गिझर लागला, आणि खाली धाकटीच्या डोक्यावरचा दिवा एकाएकी पांढराफटक पेटला. मशीन लांबलचक कण्हली. सुई कापडात रुतली, पडदा काळा पडला आणि मागच्या जाळीतून धुराची बारीक रेघ वर आली. धाकटी रडली. माझी मशीन, माझी मशीन, एवढंच म्हणत राहिली. भाऊजी खाली आले. नाक ओढलं, टेस्टर काढला, मशीनच्या पोटाला लावून बघितला आणि निकाल दिला, की मशीनच हलकी आहे, आणि त्यात बाईमाणसाने चालवलेली.

हेही तिने गिळलं असतं. पण पुढच्या रविवारी जाऊबाईंचे दोघे भाऊ बायकांसकट जेवायला आले. पानं वाढून झाल्यावर भाऊजींनी हात पुसायचा पंचा डोक्यावर पदरासारखा घेतला, खालचा ओठ पुढे काढला आणि धाकटीच्या आवाजात सुरू केलं, "माझी मशीऽऽन, गं बाई, माझी मशीऽऽन." एका भावाला हसता हसता ठसका लागला. नवराही हसला. हातात डाव घेऊन उभी असलेली धाकटीसुद्धा हसली, कारण सगळे तिच्याकडे बघत होते. हसू ओठांवर राहिलं. रीळ मात्र भिंतीवर चढलं.

मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक तोंडाने अखंड चालू असायचा. त्याने मशीनच्या पोटातली सर्किटची जळकी पाटी काढून दाखवली. ही मशीनने नाही जाळली, मावशी, हिच्यात बाहेरून जास्त करंट घुसलाय, असं म्हणाला. दुसरी पाटी त्याने कुठूनशी पैदा केली, पण अशी आता कुठे मिळत नाही, ही गेली की मशीन भंगारात, असंही बजावलं. मग वर गिझर लागेपर्यंत तो दिव्याकडे बघत, स्वतःच्या मेहुण्याच्या तक्रारी सांगत बसला. गिझर लागला, तसा दिवा उजळला. तो गप्प झाला, हेच मोठं.

त्याने सांगितलं ते धाकटीला एका बैठकीत कळलं. खांबावरून येणारी एक तार वरच्या मजल्याला, दुसरी खालच्याला. करंट परत जायची तार मात्र दोन्ही मजल्यांत मिळून एकच, आणि तिचा सांधा जिन्याखाली, भाऊजींच्या पट्टीत गुंडाळलेला. सांधा तापून सुटला की वरच्या मजल्याचा करंट परतीसाठी खालच्या घरातून वाट काढतो. वर गिझर जेवढा दांडगा, तेवढा मार खाली.

धाकटी त्याच दिवशी वर गेली आणि सगळं जसंच्या तसं भाऊजींना सांगितलं. तो सांधा नीट करून घ्या, नाहीतर आग लागेल, असंही म्हणाली. जाऊबाई भाजी निवडत ऐकत होत्या. भाऊजींनी नाक ओढलं. घर पडेल पण माझा सांधा सुटणार नाही, म्हणाले, आणि खिशावर थाप मारली. किल्ली वाजली.

मग धाकटीने आपल्यापुरतं केलं. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला जाऊ दे, तिने त्याचा अर्थ होकार असा लावला. तिच्या मजल्याच्या तारा नव्या झाल्या. अंगणात अर्थिंगचा वेगळा खड्डा झाला. दाराजवळ एक छोटी डबी बसली. व्होल्टेज वेडंवाकडं झालं की ती टक् करून तिचा अख्खा मजला खांबापासून तोडायची. मशीनखाली बॅटरीचा डबा आला, म्हणजे वीज गेली तरी सुई हातातलं काम पुरं करील. भाऊजी येता-जाता त्या डबीला खेळणं म्हणायचे. धाकटी ऐकून घ्यायची आणि वरच्या गिझरकडे कान लावून बिल्ले भरायची. वाट बघण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

तो दिवस उजाडला तोही रविवारच. जाऊबाईंचे भाऊ बायकांसकट वर येऊन बसलेले. चहा व्हायचा होता, भाऊजी आंघोळीला गेलेले. खाली दिवा भगभगला आणि दाराजवळची डबी टक् वाजली. खोली अंधारली. बॅटरीचा डबा पिंपीं करू लागला. मशीन टकटकतच राहिली.

वर मात्र पंखा थांबला, टीव्ही गेला, पाणी गार पडलं. आरडाओरडा ऐकू आला, मग जिना थडथडला. भाऊजी पंचा गुंडाळून, कानात साबणाचा फेस घेऊन, टेस्टर उगारून दारात उभे. मागे जिन्यावर पाहुणे रांगेने, आणि त्यांच्या मागे जाऊबाई.

"प्लगच्या दोन्ही भोकांत दिवा लागतोय टेस्टरचा," भाऊजी म्हणाले. "म्हणजे करंट दुप्पट आहे. मग चालत का नाही काही?"

धाकटीने बिल्ला पुरा होऊ दिला. दोरा कापला. मग तिने नाक ओढलं, हुबेहूब भाऊजींसारखं, आणि कात्री टेस्टरसारखी धरली.

"करंट म्हणजे काय, पाणीच की. वाट मिळेल तिकडे वाहणार."

मागे कोणीतरी फसकन हसलं. तोच तो, ठसक्यावाला भाऊ.

"तुमच्या करंटची परत जायची वाट माझ्या घरातून होती, भाऊजी," ती म्हणाली. "मी दार लावलंय."

भाऊजी म्हणाले की सांध्याला पट्टीचा एक वेढा मारला की झालं. पेटीकडे वळले. ओल्या अंगाने हात लावाल तर जाल, असं धाकटीने शांतपणे सांगितलं, आणि तिथे ते थबकले. तेवढ्यात जाऊबाई वर जाऊन त्यांच्या शर्टाच्या खिशातून किल्ली घेऊन आल्या होत्या. नवऱ्यासमोरून त्या सरळ पुढे गेल्या आणि किल्ली त्यांनी धाकटीच्या हातावर ठेवली. भाऊजींच्या दुरुस्त्यांपायी केलेल्या गार पाण्याच्या किती आंघोळी त्या हातात होत्या, ते त्यांनाच ठाऊक.

धाकटीने बोलावलेला वायरमन आला. त्याने खांबावरचा मेन बंद केला. पण किल्ली धाकटीच्या मुठीतच होती. फेस वाळून भाऊजींच्या गळ्यावर खपल्या धरू लागला होता.

"देते," ती म्हणाली. "आधी म्हणा, यांच्यासमोर. सांधा कोणाचा?"

भाऊजींनी मागे उभ्या असलेल्या धाकटीच्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "म्हणून टाक दादा, जाऊ दे."

"सांधा माझा," भाऊजी म्हणाले.

"आणि मशीन?"

"मशीन चांगली होती."

"मोठ्याने. यांना ठसका लागतो, ऐकू येत नाही."

ते मोठ्याने म्हणाले. पेटी उघडली. पट्टीचा गोळा वितळून काळा लगदा झाला होता, आणि वायरमनने पक्कड लावताच परतीची तार सुटून लोंबायला लागली. आतली लाकडी फळी कोळशासारखी जळली होती. आणखी काही दिवस गेले असते तर जिनाच पेटला असता. ते बघून कोणी हसलं नाही. भाऊजी तर पायरीवरच बसले.

एखादीने तिथे मनातून सगळं पुसून टाकलं असतं. धाकटी तशी नव्हती. वरच्या मजल्याच्या तारा नव्या होईपर्यंत ती रोज पेटीची किल्ली पदराला बांधून हिंडली, भाऊजींसमोरून मुद्दाम.

काम संपलं त्या दिवशी तिने जाऊबाईंना एक नवा पंचा दिला. पांढराशुभ्र, मऊ, आणि एका काठाला लाल दोऱ्याने, शाळेच्या बिल्ल्यांवर भरतात तशा ठसठशीत अक्षरांत भरलेलं: मी आहे ना.

भाऊजींनी तो कपाटात तळाला कोंबला. जाऊबाई दर रविवारी काढून धुतात आणि रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर वाळत घालतात. अक्षरांची बाजू बाहेर करून.