काट्यानं घेतलेला आळ

रसायनशास्त्राचा इतिहास शिकवताना आमचे सर जांभया द्यायचे. माझं मात्र त्या धड्यानं रक्त तापलं, कारण त्याच आठवड्यात धामणकर नाक्यावर, भर बाजारात, माझ्या आईला चोर म्हटलं गेलं होतं.

आमचे दोन लूम होते. शेठ सूत द्यायचे, आम्ही कापड विणून द्यायचो. सुताचे कोन, म्हणजे शंकूच्या आकाराची रिळं, घरी आली की आई त्यांतून लूमसाठी कांड्या भरायची. श्रावणात आलेले काही कोन तसेच पडून राहिले, कारण त्या कापडाची मागणीच बंद झाली. ऑक्टोबरच्या उन्हात शेठनी ते नाक्यावरच्या दुकानात परत मागवले. कोन मोजून बरोबर भरले, वजन मात्र कमी भरलं.

जुना काटा असता तर कुणाला कळलंही नसतं, त्याची सुई मर्जीनं डुलायची. पण शेठनी श्रावणाआधीच लाल आकड्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता, आणि कोन देतानाही त्यावरच तोलले होते.

“हर कोन से थोड़ा-थोड़ा उतारा है,” ते आईवर ओरडले. “मशीन झूठ नहीं बोलती!”

समोरच्या स्टँडवरचे रिक्षावाले वळून बघायला लागले. बाबा हात जोडून म्हणाले, “शेठ, भरून देतो.” आईनं त्यांचे हात खाली ओढले. “जे घेतलंच न्हाय, ते भरायचं कशाला?”

मशीन खोटं बोलत नाही हे मलाही पटत होतं. आई खोटं बोलत नाही हे तर मला ठाऊकच होतं. मग वजन गेलं कुठे?

आणि वर्गात हा धडा. पूर्वीचे लोक म्हणायचे, वस्तू जळली की तिच्यातलं काहीतरी उडून जातं. वजनाची पर्वा कुणाला होती! मग एका फ्रेंच माणसानं भांडं बंद केलं, आधी तोललं, नंतर तोललं, आणि हिशोब जुळेपर्यंत हट्ट सोडला नाही. काही नाहीसं होत नाही. कमी भरलं, तर कुठे गेलं ते शोधा. सर म्हणाले, “हे दोन मार्कांना येतं.” दोन मार्कांना! इथे माझ्या आईची अब्रू पणाला लागली होती.

मी आईला घेऊन शेठच्या दुकानात गेले. म्हटलं, तुमच्या मागच्या सर्द गोदामातला, तुमच्या पसंतीचा कोन काढा. तुमच्याच काट्यावर तोला. मग पत्र्यावर उन्हात ठेवा आणि तुमचाच माणूस राखणीला बसवा. शेठ हसले, पण कोन काढला.

संध्याकाळी तोच कोन कमी भरला.

“आता कुणी उतरवलं?” मी विचारलं. राखणदार घाबरून शपथा घ्यायला लागला. मी म्हटलं, तुम्ही नाही हो, उन्हानं. कापसाचं सूत पावसाळ्यात हवेतलं पाणी पितं, उन्हात सोडतं. तो कोन पुन्हा गोदामात ठेवायला लावला. दोन दिवसांनी गेलो, तर वजन जवळजवळ सगळं परत आलं होतं.

शेठनी काटा बंद केला. मग हळूच म्हणाले, “ग़लती हो गई, भाभी. मन पे मत लेना.”

आई जागची हलली नाही. “चोर म्हनलात तवा अख्खा नाका आयकत व्हता. आता पन आयकू दे.”

शेठ पायरीवर आले आणि काहीतरी पुटपुटले. आईनं रिक्षास्टँडकडे बोट दाखवलं. मग त्यांना ओरडावंच लागलं.